कुठलं गुपित राखायचं आणि कुठलं नाही

पत्र : "मी कोपरखैरणेत राहते, वय 25. ऐरोलीत एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. पप्पा तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी, आई दोन घरी पोळ्या करते. भाऊ 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गणपतीनंतर तो कॉलेजला गेलेलाच नाही. पहाटे चारपर्यंत जागा, दुपारी दोनला उठतो. ताट अर्ध्यावर टाकतो, क्रिकेट सोडलं, आईवर खेकसतो. मागच्या आठवड्यात म्हणाला, 'मी नसतो तर पप्पांचे फीचे पैसे तरी वाचले असते.' मे महिन्यात त्याने मला एकटीला सांगितलं होतं की त्याला मुलगेच आवडतात. आईपप्पांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. आता आई म्हणते बाहेरचं झालंय, गावी पाटणला देवऋष्याकडे नेऊ. काका म्हणतात, नोकरी लागली की लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. तो तसा आहे म्हणून हे झालंय का? डॉक्टरांना सांगायचं का? शपथ मोडू का? घर एका खोलीचं, धड बोलायलाही जागा नाही."

ताई, तुमच्याकडे भावाची दोन गुपितं आहेत. त्याला मुलगे आवडतात हे एक, आणि 'मी नसतो तर' हे दुसरं. पहिलं त्याचं आहे. तो स्वतः सांगेपर्यंत ते आईला सांगू नका, डॉक्टरांनाही सांगू नका. दुसरं मात्र एक दिवसही एकटीने सांभाळायचं नाही. शपथ त्याने पहिल्याची घातली आहे. दुसऱ्याची घातली तरी ती पाळायची नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगून ठेवा : "तुझं ते कुणाला कळणार नाही. पण तुझ्या जिवावर बेतणारं काही असेल तर मी गप्प बसणार नाही." हे आधी सांगितलेलं असलं म्हणजे पुढे त्याला फसवणूक वाटत नाही.

आजच्या आज करायचं काम म्हणजे त्याला सरळ विचारणं. घरात जमणार नाही, म्हणून जेवणानंतर चक्कर मारायला बाहेर काढा. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी चालताना मुलं लवकर बोलतात, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. शब्द साधे ठेवा : "मागच्या आठवड्यात तू जे म्हणालास ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. मरायचे विचार येतात का तुला?" 'तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर अपेक्षित आहे हे त्याला लगेच कळतं. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. ज्यांच्या मनात तो असतो त्यांना कुणीतरी नाव घेतल्याने हलकं वाटतं.

तो 'हो' म्हणाला तर लगेच समजूत घालायला लागू नका. 'आईपप्पांचा विचार कर' हे तर अजिबात नको. आपण ओझं आहोत असंच त्याला वाटतंय, त्यात आणखी भर पडेल. त्याऐवजी पुढचं विचारा. हे विचार कधी येतात, रोज की मधूनमधून? कसं करायचं हे ठरवलंय का? त्यासाठी काही आणून ठेवलंय का? आजवर कशामुळे थांबलास? 'झोपलो की उठूच नये असं वाटतं' आणि 'ठरवलंय, सामान आणलंय' यांत मोठा फरक आहे. पहिल्यात दोन-चार दिवसांत डॉक्टर हवा. दुसऱ्यात त्याला क्षणभर एकटं सोडायचं नाही आणि त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. वाशीचं महापालिका हॉस्पिटल तुम्हाला जवळ. रुग्णवाहिकेला 108, काहीच सुचत नसेल तर 112. 'पोलिस केस होईल' म्हणून घरं थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 यातलं कलम 115 म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं 309 कलम ठेवलेलंच नाही. हॉस्पिटलात नोंद होईल, पोलिस जबाब घेतील, पण त्यासाठी उपचार थांबवायचे नसतात.

उत्तर काहीही आलं तरी घर आवरा. उंदीर मारायची पेस्ट, ढेकणाचं औषध, फिनाइल, पप्पांच्या पाठदुखीच्या आणि बीपीच्या गोळ्या, सगळं त्याच्या हाताबाहेर गेलं पाहिजे. एका खोलीत लपवायला जागा नसते, म्हणून शेजारच्या काकूंकडे ठेवा नाहीतर टाकून द्या. बिल्डिंगची गच्ची उघडी राहत असेल तर सोसायटीला सांगून कुलूप लावा, कारण सांगायची गरज नाही. याने फरक पडतो, कारण टोकाची ऊर्मी बहुतेक वेळा थोड्याच वेळाची असते. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसेल तर बहुतेक माणसं दुसरं शोधत फिरत नाहीत. आणि कधी काही पोटात गेल्याचा नुसता संशय जरी आला, तरी त्याला बरं वाटतंय म्हणून थांबू नका. काही विषांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. पाकीट किंवा ट्यूब सोबत घेऊन निघायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो तसा आहे म्हणून हे झालंय का? नाही. मुलग्याला मुलगे आवडणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी तो आजारांच्या यादीतून काढला. सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 मधून प्रौढांचे संमतीने असलेले संबंध वगळले. आणि आवड 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरेल असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये बजावलं आहे. त्यामुळे गोळ्या-इंजेक्शनं देऊन, संमोहन करून 'नॉर्मल' करतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठून या. अशा प्रकारांनी आवड बदलत नाही, आधीच खचलेलं पोर आणखी खचतं. काकांचा लग्नाचा उपाय त्यातलाच, फक्त त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य जातं.

लपवावं लागणं मात्र माणसाला झिजवतं. वर्गातल्या विनोदांवर सगळ्यांबरोबर हसायचं, फोन पालथा ठेवायचा, आवाज आणि चाल सांभाळायची, काका लग्नाचं बोलले की मान डोलवायची, असं सतत स्वतःवर पहारा ठेवणाऱ्या मुलाची झोप उडते आणि तो माणसं टाळायला लागतो. तरी सगळं त्याच एका खुंटीला टांगू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची पहिल्या वर्षाच्या गणिताने दमछाक झाली असेल, केटी लागल्या असतील, घरातला पहिला इंजिनिअर होण्याचा भार असेल. हे त्याने तुम्हाला सांगितलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

आणखी एक गोष्ट विचाराच. मे महिन्यात त्याने विश्वासाने सांगितलं आणि गणपतीनंतर तो एकदम कोसळला. मधल्या काळात कुणी धमकावलं का? डेटिंग अॅपवर ओळख काढायची, फोटो किंवा व्हिडिओ मिळवायचा आणि 'घरी पाठवतो' म्हणून पैसे उकळायचे हे सर्रास चालतं, आणि घरी न सांगितलेली मुलं यात आधी अडकतात. विचारताना "कुणी त्रास देतंय का? पैसे मागतंय का? काय पाठवलंस याच्याशी मला देणंघेणं नाही," एवढंच म्हणा. तसं असेल तर आणखी एक रुपयाही द्यायचा नाही, कारण पैसे दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही. स्क्रीनशॉट, प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवायचे, मग ब्लॉक करायचं, आणि पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच नोंद करायची. बऱ्याचदा मरणाचा विचार त्या धमकीनेच आलेला असतो. ती बाजू सुटली की मुलगा निम्मा मोकळा होतो.

हे नैराश्य आहे का, ते डॉक्टर ठरवतील. पण झोप उलटी होणं, जेवण उडणं, आवडीचं सुटणं, चिडचिड आणि आपण ओझं आहोत ही भावना, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं की दाखवायलाच हवं. तुमच्या घरात तर महिने उलटलेत. या वयाच्या मुलांत नैराश्य रडण्यापेक्षा खेकसण्यातून जास्त दिसतं, म्हणून घरचे त्याला माज समजतात. दवाखान्यात बहुधा नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 प्रश्नावली देतील, 27 पैकी गुण. 10 किंवा जास्त आले तर मध्यम नैराश्य धरून पुढची तपासणी होते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. एकूण गुण कमी असले तरी तिथे शून्य नसेल तर डॉक्टरांनी थांबून त्याच्याशी बोललं पाहिजे. नाही बोलले तर तुम्ही आठवण करा. थायरॉइड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं तर टाळू नका, त्यांच्या गडबडीतही माणूस असाच मलूल होतो.

कुठे जायचं? ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. 'ठाण्याला न्यायची पाळी' या बोलण्यामुळे लोक त्याच्या दारात जायला घाबरतात, पण तिथे ओपीडी आहे, आणि ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन लोक त्याच दिवशी घरी येतात. कोपरखैरणेहून लोकल थेट ठाण्याला जाते, पश्चिमेकडून रिक्षा. ते नाव आईला सोसणार नसेल तर त्याच लाइनवर दुसऱ्या दिशेला नेरुळ आहे, तिथल्या डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलातही आहे. ओपीडी बहुधा सकाळची असते. फोन करून वार-वेळ विचारा, केसपेपरसाठी लवकर पोहोचा. खासगीत जायचं तर पाटी वाचा. औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसच्या पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो, आणि त्याच्याकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक असतो. तो विचारायला लाजू नका. महिनाभराचा कोर्स करून 'माइंड कोच' झालेल्यांकडे या अवस्थेतला मुलगा नेऊ नका.

भेटीआधी फोनवर एक प्रश्न टाका, तुमच्या भावाचं नाव न घेता : "तुमच्याकडे समलिंगी मुलं येतात का, आणि तुम्ही त्यांच्याशी काय बोलता?" उत्तरात 'वय लहान आहे, बदलेल' असं आलं तर दुसरा नंबर फिरवा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा या बाबतीत जाणती आहे, योग्य माणसाचं नाव तिथूनही मिळू शकेल.

पहिल्या भेटीला एक कागद लिहून न्या, कारण आत गेल्यावर दहा मिनिटांत अर्धं विसरायला होतं. केव्हापासून सुरू झालं, झोपायची आणि उठायची वेळ, जेवण आणि कपडे सैल झाले का, तो नेमकं काय म्हणाला आणि कधी, घराण्यात कुणाला मानसिक आजार, दारू किंवा आत्महत्या, सध्या चालू गोळ्या, गांजा किंवा दारू. आणि हे विसरू नका : मधे कधी चार-पाच दिवस असे होते का, की झोप नसतानाही अंगात वारं भरल्यासारखं, अखंड बोलणं, बेफाम खर्च? असेल तर नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते, डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. त्याला आवाज ऐकू येतात का, कुणी मागावर आहे असं वाटतं का, तेही लिहा.

तुमचं सांगून झालं की बाहेर या. त्याला डॉक्टरांबरोबर एकट्याला बसू द्या. तो 19 वर्षांचा आहे, संमती त्याची, आणि गोपनीयता हा त्याचा 2017 च्या कायद्यातला हक्क आहे. जिवाला धोका असेल तर डॉक्टर गरजेपुरतं घरच्यांना सांगू शकतात, एरवी नाही. त्याला एवढंच सांगून ठेवा : "तुझं ते सांगायचं की नाही हे तू ठरव. नाही सांगितलंस तरी उपचार सुरू होतील. सांगितलंस तर त्यांना तुला जास्त नीट मदत करता येईल."

यायला तयार नसेल तर झोपेवर बोला. "चारपर्यंत जागून तुझं डोकं जड होतंय, झोपेसाठी दाखवू." हे खोटं नाही, झोप हा त्याच्या दुखण्याचाच भाग आहे. पण 'मॉलला जाऊ' म्हणून दवाखान्यात नेऊ नका. एकदा असं केलंत की पुढच्या वेळी तो तुमच्याबरोबर कुठेच येणार नाही. तोवर 14416 आहे, सरकारची टेलिमानस सेवा. चोवीस तास, फुकट, मराठीतून. त्याने केला तर उत्तम, पण तुम्ही स्वतः त्याच्याविषयी फोन केलात तरी चालतं.

गोळ्या सुरू झाल्या तर पहिले पंधरा दिवस अवघड असतात, कारण त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, अस्वस्थपणा पहिल्या आठवड्यातच जाणवतो. मन उचललं जायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही, उलट त्रासच' म्हणून गोळी कचऱ्यात जाते ती यामुळे. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात. अस्वस्थपणा किंवा चिडचिड एकदम वाढली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. पाकीट तुमच्याकडे ठेवा, रोजची गोळी रोज द्या. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. सोबत झोपेची किंवा घबराटीची गोळी दिली असेल तर तिची सवय लागू शकते, म्हणून ती किती दिवसांची ते विचारून घ्या. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालतं आणि मग हळूहळू कमी करतात. मधेच बंद केलं तर चक्कर, मळमळ, झटके बसल्यासारखं होतं आणि आजार परततो. या गोळ्यांनी लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी झाली तर मुलं लाजेने बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. तुम्ही त्याला एकदा म्हणून ठेवा, "असं काही झालं तर डॉक्टरांना सांग, गोळी बदलता येते."

आईशी देवऋष्यावरून वाद घालू नका, त्यात तुमची शक्ती जाईल. अंगारा लावायचा तर लावू दे. पण तीन गोष्टींवर हटून बसा : त्याला गावी न्यायचं नाही, गोळी थांबवायची नाही, आणि मारहाण, चटके, धुरी, उपाशी ठेवणं यातलं काही होऊ द्यायचं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली असला छळ करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पप्पांना वेगळं सांगावं लागेल. ज्याने आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली त्याला 'मन दुखतंय' हे पटकन पटत नाही. त्यांना विचारा, "मणका सरकला तेव्हा तुम्ही जोर लावून कामाला गेलात का? डॉक्टरांनी झोपून राहा म्हटलं, तुम्ही राहिलात. याचंही तसंच आहे, फक्त एक्स-रेत दिसत नाही." आणि 'मी नसतो तर' हे वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा. ते त्यांच्यापासून लपवायचं नाही. गुपित फक्त पहिलं.

घरी अपेक्षा लहान ठेवा. झोपायची वेळ बदलायला गेलात तर फसाल, उठायची वेळ बदला : दोनला उठतो तर दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे, उठल्यावर वीस मिनिटं उन्हात, रात्री बारानंतर फोन तुमच्या उशाशी. रोज एक काम त्याच्यावर सोपवा, दूध आणणं किंवा आईला स्टेशनपर्यंत सोडणं. केलं नाही तर बोलू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. कॉलेजचा विषय निदान महिनाभर काढू नका. तुम्ही मात्र डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन विभागप्रमुखांना भेटा, हजेरी आणि टर्मचं काय करता येईल ते विचारा. सर्टिफिकेटवर 'उपचार चालू आहेत, विश्रांतीची गरज' एवढं पुरतं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक नेमण्याचा निर्देश सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये दिला आहे, तेव्हा कॉलेजचा समुपदेशक कोण हेही विचारून या.

आपल्यासारख्यांना भेटणं हा पुढचा टप्पा आहे, झोप आणि जेवण थोडं रुळावर आल्यावरचा. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून या मुलांसाठी काम करतो आहे. नोकरी करणारी, भाड्याने घर घेऊन राहणारी, रविवारी आईला फोन करणारी आपल्यासारखी माणसं डोळ्यांनी दिसली की 'आपलं पुढे काहीच नाही' ही समजूत तिथे ढिली होते. जायचं की नाही, केव्हा, हे त्यालाच ठरवू द्या.

एक खूण ध्यानात ठेवा. इतके दिवस कुढत बसलेला मुलगा औषधोपचार नसताना अचानक शांत, मोकळा झाला, बॅट-हेडफोन मित्रांना वाटून टाकायला लागला, उधाऱ्या फेडल्या, सगळ्यांशी गोड बोलायला लागला, तर 'सुधारला' म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या दिवशी पुन्हा तोच सरळ प्रश्न विचारा आणि रात्री त्याला एकटं ठेवू नका.

मे महिन्यापासून हे सगळं तुम्ही एकटीच्या डोक्यावर घेऊन ऐरोलीला ये-जा करताय. 14416 तुमच्यासाठीही आहे, भावाचं नाव न सांगता बोलता येतं. येत्या सोमवारची रजा आत्ताच टाका, आणि पहिल्या ओपीडीला जाताना पप्पांना किंवा कुणा मैत्रिणीला सोबत घ्या : एकाने केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्याजवळ बसायचं. रांगेला कंटाळून तो मधेच निघून जाण्याचा धोका पहिल्याच दिवशी सगळ्यात जास्त असतो.